दात आहेत, चणे नाहीत!

२०२३चा दसरा. तारीख २४ ऑक्टोबर. दाराला झेंडूचं तोरण लागलेलं, पाटावर वह्या-पुस्तकं आणि ह्यांचे पाने-पक्कड मांडून पूजा झालेली, श्रीखंडाचं पातेलं फ्रीजमध्ये... आणि आमचे चिरंजीव संध्याकाळी सोनं वाटायला घराबाहेर पडायला तयार नाहीत! गाल फुगवून संगणकासमोर बसलेले.

‘‘अरे, झालंय तरी काय?’’

‘‘काही नाही गं आई. तुला नाही कळायचं.’’

हे वाक्य कानावर पडलं की कुठल्याही आईचं कुतूहल दुप्पट होतं. खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ नावाचा शहर वसवायचा एक खेळ आहे. आमचा मुलगा शाळेत असल्यापासून तो खेळतो. त्याचा दुसरा भाग नेमका दसऱ्याच्या दिवशी जगभर बाजारात येणार होता. पठ्ठ्याने लहान मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. मुहूर्तावर खरेदी करायची ठरलेली. पण ज्यांना तो आधी खेळायला मिळाला होता त्यांचे अभिप्राय त्याने वाचले आणि पैसे पुन्हा डब्यात ठेवून दिले.

‘‘एका खेळापायी सणाच्या दिवशी तोंड पाडून बसायचं?’’ मी म्हटलं.

‘‘खेळापायी नाही गं. त्यांनी शहर नुसतं दिसायला केलंय, चालायला नाही.’’

मी आपली श्रीखंड वाढायला निघून गेले. पण ते ‘दिसायला’ आणि ‘चालायला’ डोक्यात बसलं ते बसलंच.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असा एखादा शहर वसवणारा असेल, तर हे खूळ काय आहे ते थोडं समजून घ्यायला हरकत नाही. मला ते समजलं दिवाळीच्या किल्ल्यावरून. आपण लहानपणी माती कालवून किल्ला करायचो, अळीव पेरायचो, पायथ्याशी गाव, विहीर, गावात वाणी न् गवळी... आठवतंय? किल्ल्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. तरी चार दिवस जेवणाची शुद्ध नसायची. या खेळांचंही तेच. विल राइट नावाच्या अमेरिकन माणसाने १९८४ साली बॉम्ब टाकायचा एक खेळ बनवला होता. तो बनवताना त्याच्या लक्षात आलं की बेटं उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती वसवण्यातच आपल्याला जास्त मजा येतेय. त्यातून १९८९मध्ये ‘सिमसिटी’ हा खेळ आला. रस्ते आखा, वीज-पाणी द्या, कर बसवा, कचरा उचला. माणसं सुखी असली तर राहतात, नसली तर चंबूगबाळं आवरून चालती होतात. जिंकणं-हरणं नाही म्हणून सुरुवातीला हा खेळ विकायलाही कोणी तयार नव्हतं म्हणे! पुढे त्याचे भागांमागून भाग निघाले आणि दोन पिढ्या त्यावर वाढल्या.

आता गंमत ऐका. चाहत्यांच्या पदरी निराशा पडायची ही काही पहिली वेळ नव्हती. मार्च २०१३मध्ये ‘सिमसिटी’चा नवा अवतार आला. एकट्याने खेळायचं असलं तरी इंटरनेट सतत जोडलेलं हवं, अशी त्यात अट. पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या यंत्रणेवर इतका ताण आला, की पैसे मोजलेल्या लोकांना आपल्याच शहरात पाऊल टाकता येईना! मग जाणकारांनी खेळाची चिरफाड केली. संध्याकाळी कामावरून सुटलेला माणूस रोज त्याच घरी परतत नव्हता, जे पहिलं रिकामं घर दिसेल त्यात शिरत होता. लोकसंख्येचा आकडाही फुगवलेला निघाला. इंटरनेटशिवाय खेळायची सोय व्हायला मार्च २०१४ उजाडला, आणि मार्च २०१५मध्ये तो खेळ बनवणारा मॅक्सिस कंपनीचा मूळ स्टुडिओच बंद पडला.

त्याच मार्च २०१५मध्ये फिनलंडमधल्या टाम्परे गावच्या ‘कोलॉसल ऑर्डर’ या छोट्याशा स्टुडिओने ‘सिटीज: स्कायलाइन्स’चा पहिला भाग आणला. वीस माणसंही नसतील तिथे तेव्हा. आणि प्रमुख कोण, तर एक बाई! मारिना हालिकाइनेन. हिरमुसलेले सगळे लोक या खेळाकडे वळले. २०२२पर्यंत त्याच्या एक कोटी वीस लाख प्रती खपल्या. आमचा मुलगा त्यांतलाच एक.

म्हणूनच दुसऱ्या भागाकडून केवढी आशा! आणि झालं काय? खेळ बाजारात येण्याच्या काही दिवस आधी कंपनीनेच कबूल केलं, की वेगाच्या बाबतीत आम्हाला हवं होतं तिथवर आम्ही पोहोचलेलो नाही. तरीही तारीख पुढे ढकलली नाही. भारीतल्या भारी संगणकांवरही तो रखडू लागला. खेळणाऱ्यांनी आत डोकावून पाहिलं तर काय सापडावं? शहरातल्या हजारो नागरिकांच्या तोंडातले दातसुद्धा कोरून काढलेले! मुंगीएवढा दिसणारा माणूस, त्याचं तोंड मिटलेलं, पण दातांची आकडेमोड मात्र संगणक बिचारा करतोय. रखडण्याचं ते एकमेव कारण नव्हतं, पण लोकांच्या लक्षात राहिले ते दातच. आणि त्याच शहरात सायकल नावाची वस्तू औषधालाही नव्हती. आपल्याकडे म्हणतात ना, दात आहेत तर चणे नाहीत... अगदी तस्संच!

पण मला सगळ्यात पटलेली तक्रार वेगळीच. पहिले काही महिने लोकांच्या लक्षात येत गेलं, की आपण कसाही कारभार केला तरी शहर बुडत नाही. कर चुकवा, उधळपट्टी करा, खेळ आतून ‘सरकारी अनुदान’ देऊन तिजोरी भरत राहतो. मुलगा हे तावातावाने सांगत होता. मी म्हटलं, ‘‘मग बरंच आहे की! बुडायची भीती नाही.’’ तो म्हणाला, ‘‘आई, मग मी केलेल्या कशालाच काही अर्थ उरला नाही ना!’’

आणि तिथे मला झटकन उमगलं. समजा, नवीन लग्न झालेली मुलगी पहिल्यांदाच संसार चालवतेय. महिन्याचं गणित जुळवतेय, डाळ-तांदळाचे डबे राखून वापरतेय. आणि रोज रात्री कोणीतरी गुपचूप येऊन डबे काठोकाठ भरून जातंय. पहिले आठ दिवस तिला आनंद होईल. पण कळल्यावर? तिची काटकसरही खोटी ठरली आणि तिची चूकही खोटी. अशा संसाराचा तिला अभिमान कसा वाटावा? आपलं बरं-वाईट आपल्या हातून व्हावं, एवढंच तर त्या पोरांचं म्हणणं होतं. जून २०२४च्या मोठ्या दुरुस्तीत ते अनुदान काढून टाकलं. खेळ आधीपेक्षा कठीण झाला, पण ते लोकांनीच मागून घेतलं होतं!

त्याआधी मार्च २०२४मध्ये आणखी एक ठिणगी पडलीच होती. मूळ दुखणी तशीच असताना समुद्रकाठच्या घरांची एक पुरवणी वेगळे पैसे घेऊन विकायला काढली. लोक एवढे खवळले की एप्रिलमध्ये कंपनीला जाहीर पत्र काढून माफी मागावी लागली, पैसे परत द्यावे लागले आणि ती पुरवणी फुकट द्यावी लागली. अखेर नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झालं, की २०२६च्या सुरुवातीपासून हा खेळ त्याच टाम्परे गावच्या ‘आइसफ्लेक’ या दुसऱ्या स्टुडिओकडे जाणार. पोटच्या पोरासारखा वाढवलेला खेळ मूळच्या लोकांच्या हातून गेला. मुलाने हे सांगितलं तेव्हा मला त्या मारिनाबाईंसाठी वाईट वाटलं. रागाच्या भरात काही चाहत्यांनी त्यांच्या माणसांना नको नको ते बोलून घेतलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी जाहीरपणे लिहिलंही होतं. मी मुलाला म्हटलं, ‘‘दात मोजून दाखवले ती तक्रार. शिव्या दिल्या ती तक्रार नव्हे.’’ त्याने मान हलवली.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला वाशिंदमध्ये बसून फिनलंडच्या खेळाचं एवढं काय पडलंय? सांगते.

एकदा तो त्याच्या जुन्या, पहिल्या भागातल्या शहराला पाणी देत होता. नदीवर पंप बसवायचा आणि सांडपाणी त्याच्या खालच्या अंगाला सोडायचं. उलट केलंत तर गावभर आजार. मी विचारलं, ‘‘आणि शेजारच्या शहराला पाणी हवं असलं तर?’’ तो म्हणाला, ‘‘जुन्या सिमसिटीत सोय होती. जादाचं पाणी शेजाऱ्याला द्यायचं, दरमहा पैसे मिळतात.’’

मला हसूच फुटलं. म्हटलं, ‘‘अरे, मग आपला शहापूर तालुका केवढा श्रीमंत व्हायला हवा होता!’’

वाशिंदवरून भातसा वाहते. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून पिसेपर्यंत जातं आणि तिथून मुंबईसाठी उचललं जातं. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. तानसा तर १८९२पासून मुंबईची तहान भागवतंय. आणि याच तालुक्यातल्या ठाकूर-कातकरी पाड्यांवर उन्हाळा आला की टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. बचत गटाच्या कामासाठी मी त्या पाड्यांवर जाते. मार्च-एप्रिलमध्ये बैठक ठेवली की बाया म्हणतात, ‘‘ताई, टँकर येऊन गेल्यावर ठेवा.’’

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका पाड्यावर मुलगा माझ्यासोबत आला होता. गटाच्या हिशेबाच्या वह्या उचलायला कोणीतरी हवं होतं म्हणून. तिथे योजनेचे नळ नुकतेच आले होते. प्रत्येक दारात सिमेंटचा छोटा खांब, त्यावर चकचकीत तोटी. काही तोट्यांना बायांनी हौसेने हळद-कुंकूही लावलेलं. मुलाने एक तोटी फिरवली. फुस्स! नुसता वारा. एक म्हातारी हसून म्हणाली, ‘‘आरं, ती फोटो काढायपुरती हाये.’’

परतताना तो गप्प होता. गाडीला किक मारता मारता म्हणाला, ‘‘आई, यांनाही नुसते दातच दिलेत गं.’’

पुढच्या बैठकीला तो आपणहून आला. रेघा मारलेली एक जाड वही घेऊन. म्हणाला, ‘‘खेळ नीट चालत नाही असं नुसतं ओरडून त्या लोकांचं कोणी ऐकलं नसतं. कुठे अडतं, किती अडतं, ते त्यांनी मोजून दाखवलं.’’ वहीत रकाने पाडलेले: तारीख, नळाला पाणी आलं की नाही, किती हंडे भरले, टँकर किती वाजता आला. शाळेत जाणाऱ्या एका पोरीकडे वही दिली. रोज संध्याकाळी ती घरोघर विचारून लिहू लागली. बाया आधी हसल्या, मग तीच त्यांना हाका मारमारून आठवण करून द्यायला लागली.

दोन महिन्यांनी ग्रामसभेत अकरा बाया ती वही घेऊन उभ्या राहिल्या. एरवी ‘‘बघू, करू’’ म्हणून वेळ मारून नेली जाते. या वेळी पानं उलटली गेली. साठ दिवसांपैकी नऊ दिवस पाणी आलं, हे त्यांच्याच पोरीच्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्याला कोण नाही म्हणणार? पंपाच्या वीजजोडणीचं काम अडल्याचं तेव्हा पहिल्यांदा उघडपणे सांगितलं गेलं. पाणी अजून रोज येत नाही. माफी तर कोणी मागितली नाही, आणि पैसे परत मिळण्याचा प्रश्नच नाही. पण पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत आमचा विषय लेखी आलाय.

त्या दसऱ्याला डब्यात परत ठेवलेल्या पैशांचं काय झालं, असं विचारते कधीकधी. तो म्हणतो, ‘‘आहेत अजून. नवे लोक खेळ कसा सांभाळतात ते बघतो, मग ठरवतो.’’

वही मात्र भरत आली. परवा त्या पोरीचा निरोप आला होता, ‘‘दादाला सांगा, दुसरी आणायला.’’