संस्थेच्या ई-मेलला दारे किती?

जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ साली विभाजन झाले. त्यातून निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, तरी दोहोंचे अर्थकारण एकाच घडणीचे राहिले. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, नागरी सहकारी बँका आणि बाहेरगावच्या खरेदीदारावर विसंबणारा शेतमाल हे त्याचे आधारस्तंभ होत. सांगलीच्या हळदीचे आणि तासगावच्या बेदाण्याचे परगावचे व्यवहार एके काळी टपाल व तार यांवर चालत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज दरपत्रक, बिल आणि बँक खात्याचा तपशील ई-मेलने जातो. शाळांचा आणि ग्रामपंचायतींचा पत्रव्यवहारही बव्हंशी त्याच मार्गाने होतो.

हा ई-मेल कार्यालयातील संगणकात नसतो. मायक्रोसॉफ्ट, गुगल, झोहो यांसारख्या कंपन्यांच्या दूरच्या संगणकांवर, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तेथे, संस्थेचा मेलबॉक्स ठेवलेला असतो. ब्राउझर उघडून, नाव आणि पासवर्ड देऊन तेथे जाणे हे त्याचे दर्शनी दार. परंतु याच मेलबॉक्सला आणखीही दारे असतात, आणि ती उघडी आहेत की बंद, याची चौकशी सहसा होत नाही.

भ्रमणध्वनीतील किंवा संगणकातील मेलचे ॲप क्लाउडशी एका ठरलेल्या पद्धतीने बोलते. या पद्धतीला प्रोटोकॉल म्हणतात. त्यांपैकी ‘पॉप’ १९८४ मधील असून तिची आजही वापरात असलेली तिसरी आवृत्ती १९८८ मध्ये आली. टपालपेटीतील पत्रे काढून घरी न्यावीत, तशी ही पद्धत आहे. पत्रे आपल्या संगणकावर उतरतात आणि वेगळी सूचना दिलेली नसल्यास मूळ ठिकाणाहून पुसली जाऊ शकतात. ‘आयमॅप’ची कल्पना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडली. तिच्यात पत्रे कपाटातच राहतात आणि कोणत्याही यंत्रावरून तेच कपाट उघडता येते. पत्र पाठविण्यासाठी ‘एसएमटीपी’ ही तिसरी पद्धत आहे.

पॉपमुळे होणारे नुकसान चोरीचे नसते, म्हणून ते लवकर ध्यानात येत नाही. समजा, ग्रामपंचायतीचा मेल एका संगणकावर पॉपने उतरवला जात आहे आणि मूळ प्रत पुसली जात आहे. तो संगणक बिघडला की आवक पत्रे त्याच्याबरोबर जातात. पुढे लेखापरीक्षणात किंवा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खालील अर्जावर ती पत्रे मागितली गेली, तर आवक-जावक नोंदवहीत नोंद सापडते, पत्र सापडत नाही.

दुसरा धोका चोरीचाच आहे. पॉप आणि आयमॅप घडल्या त्या काळी नाव आणि पासवर्ड एवढीच ओळख पुरेशी मानली जाई. आज दर्शनी दारावर भ्रमणध्वनीवरील संकेतांकाची दुहेरी पडताळणी असते. जुन्या रीतीने येणाऱ्या ॲपला मात्र ती विचारताच येत नसे. त्यामुळे फसव्या दुव्याद्वारे पासवर्ड मिळवलेला इसम मागच्या दाराने निर्वेध आत येई. तो लगेच काही करतो असेही नाही. तो पत्रे वाचत राहतो. बिल निघण्याची वेळ साधून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र खरेदीदाराला जाते, आणि हळदीचे किंवा बेदाण्याचे पैसे भलत्याच खात्यात जमा होतात.

मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून केवळ पासवर्डवर चालणारा पॉप आणि आयमॅपचा प्रवेश बंद करण्यास आरंभ केला. गुगलने संस्थांच्या खात्यांबाबत २०२५ मध्ये तसेच पाऊल उचलले. तेवढ्याने प्रश्न मिटला असे समजणे घाईचे ठरेल. संकेतस्थळाबरोबर स्वस्तात मिळणाऱ्या मेलबॉक्समध्ये अजूनही पुष्कळदा पासवर्ड हीच एकमेव ओळख असते. गुगलच्या खात्यात जुन्या ॲपसाठी सोळा अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ काढता येतो. तो कोणी, कोणत्या यंत्रासाठी काढला होता, हे वर्षभरानंतर कोणालाच आठवत नाही.

तपासणीचे काम फारसे अवघड नाही. ते संस्थेच्या मेलची प्रशासकीय सूत्रे ज्याच्याकडे आहेत, त्यानेच करावयाचे असते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत एक्स्चेंज प्रशासन केंद्रात जाऊन एकेक मेलबॉक्स निवडला की ‘ईमेल ॲप्स’ या भागात पॉप आणि आयमॅप यांच्या कळा दिसतात. नव्या मेलबॉक्सला त्या दोन्ही मुळातच चालू मिळतात. म्हणून आज सर्व कळा बंद केल्या, तरी पुढील महिन्यात रुजू होणाऱ्या लिपिकाचा मेलबॉक्स दोन्ही दारे उघडी घेऊनच जन्मतो. त्यासाठी मेलबॉक्सच्या मूळ आराखड्यातच बदल करावा लागतो. गुगल वर्कस्पेसमध्ये ही कळ ॲडमिन कन्सोलमधील जीमेलच्या ‘एंड यूजर ॲक्सेस’ भागात असून ती सबंध संस्थेला किंवा एखाद्या विभागापुरती लावता येते. वैयक्तिक जीमेलमध्ये आयमॅप जानेवारी २०२५ पासून कायम चालूच असते. अशा खात्यावर काम भागविणाऱ्या शाळेने किंवा ग्रामपंचायतीने दुहेरी पडताळणी आणि ॲप पासवर्ड यांकडे लक्ष द्यावे. शासकीय मेलची व्यवस्था राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे असते, तेव्हा तेथील विचारणा केंद्राच्या जिल्हा कार्यालयात करणे श्रेयस्कर.

कळ बंद करण्याआधी प्रवेशांच्या नोंदी पाहून त्या दाराने कोण ये-जा करतो, हे जाणून घ्यावे. कार्यालयातील झेरॉक्स यंत्र स्कॅन केलेले कागद एसएमटीपीने पाठवत असते, एखादी लेखा प्रणाली आयमॅपने पत्रे उचलत असते. हे न पाहता कळ दाबणाऱ्याचा दुसरा दिवस तक्रारी ऐकण्यात जातो. याच बैठकीत पत्रे परस्पर अन्यत्र पाठविणारा नियम कोणी लावून ठेवला आहे काय, हेही पाहिले पाहिजे. दार बंद झाले तरी असा नियम आपले काम करीतच राहतो. बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या भ्रमणध्वनीत संस्थेचा मेल चालू राहिला असेल, तर तो कार्यभार हस्तांतराच्या दिवशीच काढावा. किल्ल्या आणि शिक्के मोजून घेतले जातात, त्यांच्याच यादीत ही बाब बसते.

खाते बदलल्याचे पत्र आले, तर आधीपासून ज्ञात असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे कंपन्या व शासकीय संस्था यांच्यावर बंधनकारक आहे. संगणकीय नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याची अटही त्याच निर्देशांत आहे.