मोडी कागदांच्या कृष्णधवल प्रती व शाईची मर्यादा

मोडी दस्तऐवजाच्या अभ्यासकास अक्षरवळणाइतकेच शाईचे चढउतारही बोलके असतात. बोरू दौतीत बुडविल्यानंतरचे पहिले अक्षर गडद उमटते, पुढली क्रमाने फिकी होत जातात आणि बोरू पुन्हा बुडताच काळेपणा वाढतो. हा क्रम ओळीच्या मध्येच भंगला, तर तेथे मागाहून काही घातले गेले असावे अशी शंका घेण्यास जागा होते. शंका, निर्णय नव्हे. सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या काळातील जीर्ण कागद वारंवार हाताळण्यापेक्षा इंकजेट यंत्रावर काढलेल्या कृष्णधवल प्रतीवर काम करणे श्रेयस्कर होय. परंतु प्रतीत गडद छटा एकमेकींत मिसळल्या, की वरील पुरावाच लोपतो.

तो राखण्याचा पहिला उपाय म्हणजे शाईची मर्यादा, म्हणजेच विशिष्ट कागदावर जास्तीत जास्त किती शाई सोडावयाची याचा ठराव. शाई अधिक तितका काळा रंग गडद, ही समजूत काही मजलेपर्यंतच खरी आहे. कागदावरील लेपाची शोषणशक्ती संपली, की जादा शाई वर साचते, कडेने पसरते, कागदास सुरकुत्या आणते. काळेपणा मात्र वाढत नाही, क्वचित घटतोही. रंगाचे यश पृष्ठभागावर अवलंबून असते हे सावंतवाडीच्या गंजिफाकारांस निराळे सांगावयास नको. चिंचोक्याची खळ व खडू यांचा लेप बसल्यावाचून ते पत्त्यावर रंग चढवीत नाहीत.

मर्यादा ठरविण्यासाठी शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत चढत जाणारी पट्टी, यंत्राची कोणतीही दुरुस्ती न लावता, छापतात व पूर्ण वाळल्यावर प्रत्येक पायरीची घनता मापकाने मोजतात. घनता हे लघुगणकीय माप आहे. १.६ घनतेचा काळा सुमारे अडीच टक्के प्रकाश परावर्तित करतो, २.२ घनतेचा एक टक्क्याहूनही कमी. मॅट कागद बहुधा पहिल्या आकड्याच्या आसपास थांबतो. चकचकीत कागद दुसरा गाठू शकतो. समजा, ७० टक्क्यांस १.५८, ८० व ९० टक्क्यांस १.६२ आणि १०० टक्क्यांस १.६० असे आकडे आले, तर मर्यादा ८० वर ठेवावी. त्यापुढे शाई केवळ खर्ची पडते. करड्या शाया काळ्या शाईत मिसळतात तेथील एकत्रित भारही पाहावा लागतो. छटांच्या पायऱ्या समान अंतरावर आणण्याचे काम यानंतरचे. मर्यादा बदलल्यास ते पुन्हा करावे लागते.

कोकणात एक अडचण अधिक. सावंतवाडीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात कागद आधीच ओलावा धरून असतो व शाई सावकाश वाळते. वैशाखात ठरविलेली मर्यादा तेव्हा जड पडू शकते. म्हणून कागद बंद डब्यात कोरडा ठेवावा, पट्टी पुन्हा छापावी व रात्रभर वाळू देऊन मगच मोजावी. जोडीस प्रत्यक्ष मोडी मजकुराचा एक तुकडा छापून भिंगाखाली तपासावा. आकडे ठीक असूनही अक्षराच्या गाठीतील पोकळी भरून गेलेली आढळल्यास मर्यादा आणखी दोनतीन टक्क्यांनी उतरवावी.