हत्तीवरचा सिंह, रुपयावरचा मुकुट

इंग्लंडात सरदाराचा दर्जा त्याच्या चिन्हावरच्या मुकुटावरून ओळखता येतो. ड्यूकच्या मुकुटाला स्ट्रॉबेरीची आठ पाने, बॅरनच्या मुकुटाला सहा चंदेरी गोळे. मधल्या मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट मंडळींचीही पाने-गोळ्यांची वाटणी ठरलेली. बॅरनना हा मान १६६१ साली दुसऱ्या चार्ल्सने दिला. तोवर ते बिनमुकुटाचेच होते.

हा हिशेब घेऊन गोंदिया जिल्ह्यात जुनी राजचिन्हे शोधायला निघालात, तर हात हलवत परत याल. जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण प्रतापगडचा किल्ला आणि कामठ्याची जमीनदारी त्याहून कितीतरी जुनी. या मुलखावर गोंडांनी राज्य केले, मग नागपूरकर भोसल्यांनी. मुकुट मात्र आमच्याकडे देवाच्या मूर्तीला, दंडार या लोकनाट्यातल्या राजाला आणि लग्नात नवरदेवाला. सत्ता सांगायला आमच्या राजांना त्याची गरज पडली नाही.

गोंड राजांची खूण होती हत्तीवर मात करणारा सिंह. ती पाहायला चंद्रपूरला जावे लागते. तिथल्या परकोटाच्या दरवाजांवर हा सिंह दगडात कोरलेला आहे. सिंह ऐटीत, आणि एवढा मोठा हत्ती त्याच्यापुढे पिल्लासारखा. खरे प्रमाण शिल्पकाराला ठाऊक नव्हते असे नाही; कोण कोणाच्या पायाखाली हेच त्याला सांगायचे होते. शिवनेरी-रायगडावरच्या शरभ या काल्पनिक पशूशी या सिंहाचे नाते उघड आहे. आज सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या जत्रेत गोंड समाजाचा सप्तरंगी झेंडा मिरवतो, तिथेही जमलेली माणसे वारसा सांगतात तो झेंड्याचा आणि चिन्हाचा, मुकुटाचा नव्हे.

भोसल्यांची गोष्ट त्याहून मजेदार आहे. पहिल्या रघूजींनी अठराव्या शतकाच्या मध्याला देवगडचे गोंड राज्य ताब्यात घेतले, पण राजा बुऱ्हाणशहाला हटवले नाही. त्याला नागपुरात मानाने ठेवले, तनखा बांधून दिला आणि त्याच्या नावाआड स्वतः राज्य केले. ‘संस्थानिक’ म्हणून बुऱ्हाणशहाचे घराणे इंग्रजी अमलातही टिकून होते. नवा भोसला गादीवर बसे तेव्हा त्याच्या कपाळी टिळा लावायचा मान या गोंड राजाचा, आणि काही महसुली कागदांवर शिक्काही त्याचाच लागे. इकडे सनदा साताऱ्याच्या छत्रपतींकडून आणायच्या, तिकडे टिळा गोंड राजाकडून घ्यायचा! फौज, खजिना, किल्ले सगळे हाती असताना भोसल्यांना एका तनखेदार राजाच्या अंगठ्याएवढ्या टिळ्याची गरज वाटावी, यातच आमच्याकडची राजचिन्हे कशी चालत ते आले. माझ्या मते हा टिळा ड्यूकच्या आठ पानांपेक्षा वजनदार होता.

मराठ्यांची रीतही अशीच. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकात महत्त्व छत्राला आणि सिंहासनाला होते. हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाने तिथे भाल्यांच्या टोकांवर मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांची शेपटे आणि न्यायाचा सोन्याचा तराजू पाहिला. शिवराई होनावर महाराजांचा चेहरा नाही, नुसती अक्षरे.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने संस्थानिकांना भरजरी निशाणे वाटली. त्यांवरची चिन्हे रॉबर्ट टेलर नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने युरोपी पद्धतीने बेतून दिली होती. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पदरी अशी ढालीची चिन्हे पडली. गायकवाडांच्या चिन्हाखाली ‘जीन घर, जीन तख्त’ हे त्यांचे ब्रीद आले, म्हणजे घोड्याचे खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन. विलायती चौकटीत हे एक वाक्य तेवढे अस्सल घरचे वाटते. नागपूरचे राज्यच उरले नव्हते, म्हणून भंडारा-गोंदियाच्या वाट्याला यातले काही आले नाही.

मुकुट आमच्या गावात शिरला तो बाजाराच्या पैशातून. १८४० च्या राणीछाप रुपयावर व्हिक्टोरियाच्या केसांना नुसती फीत आहे. १८६२ पासून तिच्या डोक्यावर मुकुट आला. सातवा एडवर्ड पुन्हा उघड्या डोक्याने, पाचवा जॉर्ज परत मुकुटात. या पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका ओबडधोबड उमटला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड काढून दिली.

१९११ सालीच पाचवा जॉर्ज दरबारासाठी दिल्लीला आला. इंग्लंडचा मुकुट देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून गॅरार्ड कंपनीकडून सहा हजारांवर हिऱ्यांचा नवा मुकुट करवला. साठ हजार पौंडांचा हा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून झाला. वजन किलोभर. राजाने तो १२ डिसेंबर १९११ ला घातला, डोके दुखल्याचे रोजनिशीत लिहिले, आणि पुन्हा कोणी तो घातला नाही. आज तो लंडनच्या टॉवरमध्ये आहे. पैसे आपले, मुकुट त्यांचा.

२६ जानेवारी १९५० पासून गणवेशांवरचे मुकुट उतरले. फौजेतल्या मेजरच्या खांद्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. गोंदियाचे पोलीस अधीक्षकही आज खांद्यावर तेच सिंह वागवतात. नौदलाच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा क्रूस कायमचा जायला मात्र २ सप्टेंबर २०२२ उजाडले. तिथे आता शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आहे.

लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजीचा चांदीचा रुपया असेल, तर यंदा तो उलटून साल वाचा. १९११ निघाले, तर झग्यावरचा हत्तीही नीट पाहा. आणि सोनाराकडे मोडीत देऊ नका.