रेंडरमधलं ऊन खरं की खोटं?

आज स्क्रीन बघायची गरज नाही, फोन खिशात ठेवा. फक्त बसलाय त्या खोलीकडे जरा नीट बघा.

झालं असं, की आई-बाबा पुण्यात फ्लॅट बघत होते. ब्रोशरमध्ये हॉलभर ऊन. आई लगेच म्हणाली, "इथे तुळस छान येईल." बाबांनी प्लॅन उलटसुलट करून पाहिला. हॉलची एकच खिडकी, तीही उत्तरेला! सेल्सवाल्याला विचारलं, तर म्हणे, "सर, क्रॉस व्हेंटिलेशन आहे."

मी कामाने सॉफ्टवेअरवाला, ब्लेंडर हा छंद. म्हटलं, आपणच हॉल बनवून बघू. पहिलं रेंडर बघून आई म्हणाली, "प्लास्टिकचं घर वाटतंय रे." बरोबर होतं तिचं. का, ते सांगतो.

पहिली चूक, भिंत. मी रंग दिला १.०, म्हणजे शंभर टक्के पांढरा. अशी भिंत जगात नसते. ताजा बर्फसुद्धा ८०-९० टक्के प्रकाशच परत पाठवतो. भिंत ०.८ ठेवली, की पाच वेळा आपटल्यावर प्रकाशाचा साधारण एक तृतीयांश भाग उरतो. म्हणून कोपरे हळूहळू काळवंडतात. १.० ठेवलं तर प्रकाश विझतच नाही, खोली सपाट दिसते.

हे आपटणंच सगळ्याच्या मुळाशी आहे. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये रेंडरिंग इक्वेशन मांडलं. सोप्या भाषेत: एखाद्या जागेवरून डोळ्यात येणारा प्रकाश म्हणजे तिचा स्वतःचा, अधिक चहूबाजूंनी तिच्यावर पडून परतलेला. सायकल्समध्ये डिफ्यूज बाउन्स मुळात ४ असतात. बंद खोलीसाठी मी ८ केले. रेंडरला वेळ लागला, पण सोफ्यामागचा अंधार उजळला.

दुसरी चूक, फरशी. आत्ता पायाजवळची टाइल बघा, मग लांबची. लांबच्या टाइलमध्ये खिडकीचं प्रतिबिंब जास्त ठळक दिसतं ना? तिरप्या नजरेने चकाकी वाढते, याला फ्रेनेल म्हणतात. ते सॉफ्टवेअर सांभाळतं. आपण सांभाळायचा तो रफनेस: ० म्हणजे आरसा, १ म्हणजे खडूसारखं मॅट. मी सगळीकडे एकच आकडा दिला होता. खऱ्या फरशीवर पोछ्याचे फराटे असतात, पावलांचे ठसे असतात. म्हणून रफनेसलाही टेक्सचर द्या. आणि टेबलाच्या कडांना बारीकसा बेव्हल द्या; खरी कड कधीच ब्लेडसारखी नसते, तिथे प्रकाशाची रेघ चमकते.

शेवटी सूर्य. सन पोझिशन ॲड-ऑनमध्ये पुण्याचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ टाकली. उत्तर दिशा प्लॅनप्रमाणे फिरवली. डिसेंबर, सकाळचे दहा. हॉल उजळ होता, मऊसा आकाशाचा उजेड. पण फरशीवर उन्हाचा एक कवडसा नाही. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच असतो, मग उत्तरेच्या खिडकीतून ऊन येणार कुठून?

ब्रोशरवाल्याचं मटेरियल माझ्यापेक्षा शंभरपट भारी होतं. फक्त त्याचा सूर्य चुकीच्या बाजूला उगवला होता.

फ्लॅटचं अजून ठरलं नाही. पण आई आता प्रत्येक ब्रोशरवर बोट ठेवून विचारते, "हे ऊन कुठल्या महिन्यातलं?" तुम्हीही विचारा. भेटू पुढच्या भागात!