लाल फडक्याखालची बाई

जून २०२४मध्ये सिंगापुरात एका सिगारेटवरून वाद पेटला. चायनाटाउनमधल्या २९७, साउथ ब्रिज रोड या इमारतीच्या भिंतीवर शॉन डनस्टन या चित्रकाराने एक सामसुई बाई रंगवली होती. डोक्यावर लाल फडकं, चेहरा तरुण, बोटांत पेटती सिगारेट. ही कष्टाळू सामसुई बाई वाटत नाही, वेश्या वाटते, अशी तक्रार एका नागरिकाने केली. शहराच्या नगरविकास प्राधिकरणाने सिगारेट पुसायला सांगितलं. त्यावर उलट बाजूने इतका गदारोळ झाला की जुलैमध्ये चित्र आहे तसं राहू देण्याचा निर्णय जाहीर करावा लागला.

हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या बायका सिगारेट ओढायच्या, हे सिंगापुरातल्या जुन्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. खळ घालून कडक केलेलं ते लाल कापड चौकोनी घडी घालून डोक्यावर बसवत, आणि त्याच्या घड्यांमध्ये नोटा, काडेपेटी आणि सिगारेटी ठेवत. म्हणजे ज्या फडक्याला आज शहर नमस्कार करतं, त्यातच ती सिगारेट असायची.

सामसुई म्हणजे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला सान्शुई परगणा, तीन नद्यांच्या संगमावरचा आणि पुराने वारंवार बुडणारा. तिथल्या बायका १९२०च्या दशकापासून सिंगापुरात येऊ लागल्या. मोठा लोंढा आला तो १९३३नंतर, आणि त्यामागे एक कायदा होता. जागतिक मंदीत मजुरांची गर्दी नको म्हणून ब्रिटिशांनी परदेशी लोकांसंबंधीचा कायदा आणला आणि चिनी पुरुषांच्या प्रवेशावर महिन्याचा कोटा घातला. बायकांवर मात्र १९३८पर्यंत तशी मर्यादा नव्हती. पुरुषांची तिकिटं कमी आणि महाग झाली, तेव्हा जहाजांच्या दलालांनी एक युक्ती काढली: पुरुषाचं एक तिकीट हवं असेल, तर बायकांची तीन-चार तिकिटंही घ्या. ती तिकिटं खपवायची म्हणून गावोगाव बायका शोधल्या गेल्या. पुढे ज्यांना स्वयंप्रेरित, निडर स्त्रिया म्हणून गौरवण्यात आलं, त्यांच्या येण्यात जहाजाच्या डेकवरची रिकामी जागा भरण्याचा हिशेबही होता. त्यांचं धैर्य त्यामुळे कमी होत नाही. पण हा हिशेब कुठल्याही पुतळ्याखालच्या पाटीवर मावणारा नाही.

काम होतं बांधकामावरचं. पाया खणायचा, माती-विटा कावडीतून वाहायच्या, सिमेंट कालवायचं. आपल्याकडे विदर्भात जिला रेजा म्हणतात, तीच ही बाई. अंगात गडद निळा किंवा काळा सदरा-पायजमा, पायात जुन्या टायरच्या रबराच्या चपला. लाल रंग दुरून दिसतो, त्यामुळे अपघात टळतो, हा त्या फडक्याचा उपयोग. शेजारच्या परगण्यातून आलेल्या बायका निळं फडकं बांधत, पण लोकांच्या स्मरणात त्या फारशा उरल्या नाहीत, बहुधा निळा रंग चित्रात उठून दिसत नाही म्हणून. चायनाटाउनच्या दुकानघरांतल्या फळ्या ठोकून पाडलेल्या खोल्यांत त्या भाड्याने राहत. पदपथावर बसणाऱ्या पत्रलेखकाकडून पत्र लिहून घेत आणि पैसे गावी पाठवत.

त्यांनी आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेतली होती, असं हमखास सांगितलं जातं. अशी शपथ घेणाऱ्या बायका होत्या, पण त्या मुख्यतः घरकाम करणाऱ्या, ‘माजिए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. सामसुई बायकांपैकी अनेकींची लग्नं झालेली होती. कुणाचा नवरा गावी, कुणाची मुलं गावी. समाजशास्त्रज्ञ केल्विन लो यांनी या बायकांच्या सामाजिक स्मृतीवर पुस्तक लिहिलं आहे. राष्ट्र उभारणाऱ्या वीरांगना ही प्रतिमा सरकार, माध्यमं आणि बाजार यांनी मिळून कशी घडवली, हे त्यातून उलगडतं. १९८६ साली सरकारी दूरचित्रवाणीवर ‘लाल फडकं’ अशा अर्थाच्या चिनी नावाची मालिका आली आणि ही प्रतिमा घराघरांत पोचली. पुढे शिल्पं झाली, बाहुल्या झाल्या, एका उपाहारगृहाने सामसुई आलं-कोंबडी हा पदार्थ प्रसिद्ध केला. मूळ बायकांच्या ताटात कोंबडी पडायची ती चिनी नववर्षाला.

अमेरिकेतल्या आमिश लोकांचं, साधी राहणी पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं, असंच झालं आहे. १९५५मध्ये ब्रॉडवेवर ‘प्लेन अँड फॅन्सी’ हे संगीतक आलं आणि पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात पर्यटकांची रीघ लागली. १९८५च्या ‘विटनेस’ने, हॅरिसन फोर्डच्या त्या चित्रपटाने, टोपडं, घोडागाडी आणि कोठार ही तीन चित्रं जगभर पोचवली. आमिश लोक छायाचित्राला चेहरा द्यायला राजी नसतात, चित्रपटगृहात जात नाहीत. त्यांच्याबद्दल काय दाखवलं गेलं, हे तपासणं त्यांच्यापैकी बहुतेकांना अवघडच होतं. २०१२मध्ये ‘आमिश माफिया’सारखे कार्यक्रम आले, तेव्हा पावित्र्याच्या जागी गुन्हेगारी आली, पण टोपडं तेच राहिलं. संत किंवा भामटा, दोन्ही भूमिकांना पोशाख एकच पुरतो.

याला एक अपवाद मला मनापासून भावतो. मेक्सिकोच्या कार्लोस रेगादास यांनी २००७मध्ये चिवावा प्रांतातल्या मेनोनाइट, म्हणजे आमिशांशी नातं असलेल्या पंथाच्या वस्तीत ‘सायलेंट लाइट’ हा चित्रपट केला. कलावंत बहुतेक मेनोनाइटच, आणि संवाद त्यांच्या प्लाउटडिच या बोलीत. जगातल्या जवळपास कुठल्याच प्रेक्षकाला ती कळत नाही, तरी दिग्दर्शकाने ती बदलली नाही. विषय होता विवाहित शेतकऱ्याचं दुसऱ्या बाईवरचं प्रेम, म्हणजे पावित्र्याच्या चौकटीत न बसणारी गोष्ट. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं.

सिंगापूरच्या मालिकेत नेमकी ही बोलीच हरवली. सामसुई बायका कँटोनीज बोलत. पण १९७९मध्ये तत्कालीन पंतप्रधान ली क्वान यू यांनी मँडरिन बोला ही मोहीम सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत दूरचित्रवाणी आणि रेडिओवरून चिनी बोलीभाषा हटवण्यात आल्या. १९८६ची मालिका मँडरिनमध्ये होती. चायनाटाउनमधल्या खोलीत म्हातारी होत चाललेली बाई पडद्यावर स्वतःचं फडकं ओळखत असेल, पण त्याखालच्या तोंडातून येणारी भाषा तिची नव्हती. २००८मध्ये पेरानाकन, म्हणजे चिनी-मलय वारशाच्या घराण्यांवरची ‘द लिटल न्योन्या’ ही मालिका आली, तीही मँडरिनमध्ये. त्या घरांत बोलली जायची ती बाबा मलय ही बोली, आणि यावर त्या समाजातून टीकाही झाली.

म्हणून साउथ ब्रिज रोडवरच्या चित्राचा वाद मला निव्वळ कलास्वातंत्र्याचा वाटत नाही. तक्रार करणाऱ्याला सामसुई बायकांबद्दल आदरच होता, आणि तो आदर ज्या बाईबद्दल होता ती मालिकेतली, शिल्पातली, बाहुलीतली बाई होती. दिवसभर विटा वाहून आलेली, रस्त्याच्या कडेला बसून झुरका घेणारी पंचवीस वर्षांची मुलगी त्याच्या आदरात बसली नाही. हिंदी सिनेमातल्या कोळणीकडे पाहून खरी कोळीण बेसूर वाटावी, तसं हे आहे.

सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं मौखिक इतिहास केंद्र १९७९पासून लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करत आलं आहे. पुढची मालिका कुणी काढलीच, तर पटकथा लिहिण्याआधी लेखकाने तिथे बसून त्या पिढीचे आवाज ऐकावेत, आणि संवाद कँटोनीजमध्येच ठेवावेत, खाली मँडरिन आणि इंग्रजी अक्षरं देऊन. सिगारेटही ठेवावी.