जादूगाराच्या वस्तू : खऱ्या कशावरून?

जुन्या हातकडीची किंमत किती असावी? भंगारवाल्याला विचारले तर तो लोखंडाच्या वजनाचे पैसे सांगेल. परंतु त्याच हातकडीला ‘ही हॅरी हुदिनीने वापरली होती’ अशी चिठ्ठी बांधली, की तिची किंमत कित्येक पटींनी वाढते. लोखंड बदललेले नसते, वजनही वाढलेले नसते. वाढलेला असतो तो केवळ एक दावा. हा दावा खरा की खोटा, हे हातकडी आपण होऊन सांगत नाही. ते शोधून काढावे लागते; आणि शोधण्याची ही रीत प्रयोगशाळेतील रीतीहून निराळी नाही.

हॅरी हुदिनी (१८७४–१९२६) हा बेड्या, कुलपे आणि बंद पेट्या यांतून सुटून दाखवणारा जगप्रसिद्ध अमेरिकन जादूगार. १९०४ साली लंडनच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने आव्हान म्हणून आणलेल्या खास हातकडीतून तो सुमारे सत्तर मिनिटांनी सुटला. तो स्वतः मोठा संग्राहकही होता. जादू आणि मृतात्म्यांशी बोलण्याचे दावे या विषयांवरील त्याची जवळजवळ चार हजार पुस्तके त्याच्या मृत्युपत्रानुसार १९२७ मध्ये वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयात जमा झाली.

याच हुदिनीच्या बाबतीत एक गंमत आहे. आपला जन्म ६ एप्रिल १८७४ रोजी अमेरिकेतील ॲपलटन गावी झाला, असे तो सांगत असे. परंतु हंगेरीतील बुडापेस्ट शहराच्या जन्मनोंदीत २४ मार्च १८७४ ही तारीख असून नाव एरिक वाइस असे आहे. माणूस स्वतःबद्दल सांगतो तेही तपासावे लागते. मग त्याच्या वस्तूबद्दल तिसराच कोणी सांगत असेल, तर किती तपासावे लागेल याचा विचार करा.

आता आपल्याकडे वळू. पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४), यांनी देशोदेशी प्रयोग केले आणि ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे पुत्र विजय रघुवीर व नातू जितेंद्र रघुवीर यांनी हीच कला पुढे चालवली. त्यांच्यासारख्या नामवंतांची आणि गावोगाव तंबू ठोकून खेळ करणाऱ्या कितीतरी जादूगारांची हस्तपत्रके, तिकिटे, छायाचित्रे जुन्या घरांतील ट्रंकांत पडून असतात. पेण किंवा रोहे येथील एखाद्या माळ्यावरही असा कागद सापडू शकेल. अडचण एवढीच, की हस्तपत्रकावर वार असतो, ‘रात्रौ ९॥ वाजता’ अशी वेळ असते, पण वर्ष बहुधा नसते. मग कागदाचे वय कसे ठरवावे?

कागदावरच्या मजकुरात त्याच्या खुणा असतात. समजा, तिकिटाचा दर ‘आठ आणे’ असा छापला आहे. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. ‘नये पैसे’ असे छापलेले असेल, तर कागद १९५७ नंतरचा. ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये अधिकृतपणे गळला. पत्त्यात पिनकोड असेल, तर कागद १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचा असूच शकत नाही, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. ‘जिल्हा कुलाबा’ असे असेल, तर तो बहुधा १९८१ पूर्वीचा. त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. ‘रोहे रेल्वे स्टेशनजवळ’ असे असेल, तर तो १९८६ पूर्वीचा नाही, कारण रेल्वे रोह्याला पोचली ती १९८६ मध्ये.

वरच्या परिच्छेदात ‘असूच शकत नाही’ आणि ‘बहुधा’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग आले, ते मुद्दामच. पिनकोड सुरू होण्यापूर्वी तो कोणालाही छापता येणार नाही. ही मर्यादा पक्की. उलट जिल्ह्याचे नाव बदलल्यावरही छापखान्यातील जुना साचा किंवा लोकांची जुनी सवय काही वर्षे टिकते. ‘आठ आणे’ तर १९५७ नंतरही बोलण्यात राहिलेच. म्हणजे नवी गोष्ट कागदाची आधीची हद्द पक्की ठरवते. जुनी गोष्ट नंतरची हद्द केवळ सुचवते. एखाद्या पत्रकावर पिनकोड आणि ‘जिल्हा कुलाबा’ दोन्ही असतील, तर ते १९७२ नंतरचे खात्रीने आणि १९८१ च्या सुमारापूर्वीचे बहुधा, असे म्हणावे. याहून जास्त म्हणू नये.

आता मजकूर सोडून खुद्द कागदाकडे पाहू. खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पत्रकाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले, की अक्षरांचा उठाव पुष्कळदा हाताला लागतो. ऑफसेट छपाईत तसा दाब पडत नसल्यामुळे कागद सपाट राहतो. रंगीत भित्तिपत्रक असेल, तर भिंगातून पाहावे. हुदिनीच्या काळातील भित्तिपत्रके दगडावरून छापलेली, म्हणजे शिळाछापाची असत; त्यांतील रंगाचे कण अनियमित दिसतात. त्यांची अलीकडे छापलेली नक्कल असेल, तर ठरावीक अंतरावरील बारीक रंगीत ठिपक्यांची रांगोळीच दिसते.

तिसरी कसोटी अतिनील प्रकाशाची. नोटा तपासण्याचा छोटा दिवा अनेक दुकानांत असतो. साधारणपणे १९५० नंतर कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात काही रसायने मिसळू लागले. धुण्याच्या पावडरीतही अशी रसायने असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि निळसर दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. यालाच प्रस्फुरण म्हणतात. ‘१९२० सालचे मूळ भित्तिपत्रक’ म्हणून दाखवलेला कागद अंधारात या दिव्याखाली निळा लखलखला, तर तो दावा तेथेच संपला. पण नाही लखलखला, तर कागद जुनाच आहे असे सिद्ध होते का? नाही. अशी रसायने न घातलेला कागद आजही बनतो. कसोटी दावा खोटा पाडू शकते. खरा असल्याची हमी देत नाही. विज्ञानातील बहुतेक कसोट्या याच जातीच्या असतात. (दिव्याकडे थेट पाहू नये.)

जादूगाराने मागे ठेवलेल्या वस्तूंपैकी सर्वांत मोलाची कोणती? माझे उत्तर बेड्या हे नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कमधील शेल्टन हॉटेलच्या तलावात हुदिनीला धातूच्या बंद पेटीत ठेवून पेटी पाण्याखाली नेण्यात आली. तो ९१ मिनिटे आत राहिला. त्याआधी रहमान बे नावाच्या एका ‘फकिरा’ने समाधी लावण्याची शक्ती आपल्यात असल्याचा दावा करून असाच प्रयोग तासभर केला होता. यात दैवी काही नाही, शांत पडून सावकाश श्वास घेणे एवढेच पुरते, असे हुदिनीचे म्हणणे होते. अनुभवाचा वृत्तांत त्याने अमेरिकेच्या खाण विभागातील शरीरक्रियातज्ज्ञ डॉ. मॅक्कॉनेल यांना पत्राने कळवला. खाणीत अडकलेल्यांना तो उपयोगी पडावा, ही इच्छा त्यामागे होती. त्या पत्रातील दाव्याची शक्याशक्यता आपण घरबसल्या गणिताने पाहू शकतो.

पेटी २ मीटर लांब आणि ०.६ मीटर रुंद व उंच आहे असे गृहीत धरू. आकारमान झाले ७२० लीटर. माणसाचे ७० लीटर वजा करता हवा उरते ६५० लीटर. हवेत २१ टक्के प्राणवायू, म्हणजे सुमारे १३६ लीटर. निवांत पडलेला माणूस मिनिटाला सुमारे पाव लीटर प्राणवायू वापरतो. ९१ मिनिटांत सुमारे २३ लीटर. शेवटी प्राणवायू उरतो साडेसतरा टक्क्यांच्या आसपास. त्याच वेळी सुमारे १८ लीटर कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणजे जवळजवळ ३ टक्के. अशा हवेत डोके दुखते, धाप लागते, पण माणूस जगतो.

आता तोच माणूस घाबरून धडपडला आणि सहापट प्राणवायू वापरू लागला असे समजा. पाऊण तासातच कार्बन डायऑक्साइड ८ टक्क्यांच्या वर जाईल आणि प्राणवायू ११ टक्क्यांच्या खाली येईल. अशा हवेत माणूस बेशुद्ध होतो आणि दगावू शकतो. जगणे आणि मरणे यांत येथे फरक पडतो तो केवळ शांत राहण्याने. पेटी लहान असेल, तर तेवढाही अवधी मिळत नाही.

म्हणून हे गणित कागदावरच करावयाचे. असा प्रयोग कोणीही, कितीही थोडा वेळ, करून पाहू नये. जून २०१९ मध्ये कोलकात्याजवळ हुगळी नदीत साखळदंडांनी बांधून घेऊन उतरलेले जादूगार चंचल लाहिरी पाण्याबाहेर येऊ शकले नाहीत. ते अनुभवी जादूगार होते.

करण्यासारखे काम दुसरेच आहे. १९९५ मध्ये कॅनडातील नायगारा फॉल्स येथील हुदिनी संग्रहालयाला आग लागली आणि तेथील अनेक वस्तू नष्ट झाल्या. आपल्या कोकणात आगीची गरज नाही. पावसाळी दमट हवा, कसर आणि वाळवी तेच काम सावकाश करतात. घरात जुने पत्रक सापडले तर त्याला चिकटपट्टी लावू नका, ते उन्हात ठेवू नका, दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा. मग आजी-आजोबांना विचारा : खेळ कोठे झाला, तिकीट किती होते, काय पाहिले? त्यांनी सांगितलेले वहीच्या एका पानावर लिहा आणि कागदावरून तुम्हांला कळलेले समोरच्या पानावर. दोन्ही जुळतात का ते पाहा. जुळले नाही तर काहीही खोडू नका. तारीख घाला आणि वही शिक्षकांना दाखवा.