अरुंधती-दर्शन : दृष्टीचे आणि बुद्धीचे

विवाहविधीत वधूवरांना ध्रुव व अरुंधती यांचे दर्शन घडविण्याची आपली चाल फार जुनी आहे. आपल्या वाडवडिलांनी ती इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यापर्यंत सोबत नेली. परंतु आता पुष्कळ लग्ने भर दिवसा लागतात. गुरुजी मांडवाच्या छताकडे बोट दाखवितात, वधूवर मान डोलावितात आणि जे पाहावयाचे ते न पाहताच विधी पुरा होतो.

वास्तविक हे दर्शन मुळीच अवघड नाही. वैशाख-ज्येष्ठात रात्री नऊच्या सुमारास, दिव्यांच्या झगमगाटापासून दूर, उत्तरेस तोंड करून उभे राहावे. चार ताऱ्यांचा चौकोन व त्याला जोडलेली तीन ताऱ्यांची शेपटी, हे सप्तर्षी. शेपटीच्या टोकाचा मरीची, मधला वसिष्ठ. वसिष्ठाला अगदी लागून एक मंद तारका दिसते, तीच अरुंधती. दोहोंतील अंतर पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सुमारे दोन-पंचमांश आहे. डोळे अंधाराला सरावले की ती स्पष्ट दिसते.

आपल्या शास्त्रकारांनी हिच्यावरून एक न्यायच बसविला. सूक्ष्म अरुंधती दाखविण्यासाठी आधी जवळचा ठळक तारा दाखवावा, मग तेथून दृष्टी हळूहळू खऱ्या तारकेकडे न्यावी. आश्चर्य असे की, पुढे विज्ञानाची वाटचालही याच क्रमाने झाली. १६१७ साली गॅलिलिओ व त्याचा शिष्य कास्तेल्ली यांना दुर्बिणीतून एकटा वसिष्ठच दोन ताऱ्यांचा दिसला. १८८९ साली हार्वर्ड वेधशाळेच्या पिकरिंग यांनी त्यांतील ठळक ताऱ्याच्या वर्णपटाविषयीचा शोध जाहीर केला. त्यातील रेषा कधी दुहेरी होत, कधी पुन्हा एक होत. एक तारा आपल्याकडे येत असता दुसरा दूर जातो, म्हणून रेषा फाकतात. अर्थात तेथेही दोन तारे होते. ते सुमारे साडेवीस दिवसांत परस्परांभोवती एक फेरी पुरी करतात. १९०८ साली वसिष्ठाचा दुसरा घटकही असाच जोडतारा ठरला आणि २००९ साली खुद्द अरुंधतीजवळ एक मंद, तांबडा सोबती सापडला. डोळ्यांना दोन दिसणारे हे तारे असे एकूण सहा आहेत.

मग वसिष्ठ व अरुंधती एकमेकांभोवती फिरतात काय? दोघेही आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर असून अवकाशात एकाच दिशेने वाटचाल करीत आहेत. ते गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असावेत, असे मानण्यास सबळ आधार आहे. परंतु त्यांच्यातील अंतरच सुमारे एक प्रकाशवर्ष आहे. एका फेरीस लक्षावधी वर्षे लागतील. तेव्हा हे फिरणे पाहूनच आपल्या पूर्वजांनी ही जोडी लग्नासाठी निवडली, असे जे हल्ली मोठ्या अभिमानाने सांगितले जाते, त्यास आधार नाही. ते फिरणे कोणाच्याही डोळ्यांना दिसलेले नाही.

यात पूर्वजांचा कमीपणा मुळीच नाही. दुर्बीण नसता त्यांनी ती मंद तारका हेरली, तिला नाव दिले आणि संसाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जोडप्याला वर पाहावयास शिकविले. हा वारसा खोट्या फुशारकीने वाढत नाही, खऱ्या दर्शनाने वाढतो. घरात यंदा कार्य असेल तर त्या रात्री जेवणे आटोपल्यावर नवदांपत्याला गच्चीवर न्यावे. मुलांनाही सोबत घ्यावे. त्यांना आधी वसिष्ठ दाखवावा, मग अरुंधती, आणि मग न दिसणाऱ्या चौघांची हकीकत सांगावी.